क्लिपची सावली

"स्विच," डॉक्टर म्हणाले.

मी पायाखालचा स्विच दाबला. टेबलावर नारळाच्या झाडावरून पडलेला माणूस होता. त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हिरवट उजेड आला आणि त्यात त्याची हाडं दिसू लागली. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी काही हाडं होती. ती डॉक्टरांच्या बोटांची. बोटांनी मनगट ओढलं, जरा वळवलं, दाबलं. मोडलेली दोन टोकं एकमेकांवर नीट बसली.

"ऑफ."

सगळं मिळून चार मिनिटं लागली. माणूस ओरडला तेवढ्यात काम संपलं होतं.

याला स्क्रीनिंग म्हणतात. एक्स-रेची फिल्म काढली की हाड एकदाच दिसतं, फोटोसारखं. स्क्रीनिंगमध्ये किरण चालू ठेवून पडद्यावर हाड हलताना पाहता येतं. त्या काळचा पडदा इतका मंद होता की खोली काळोखी करावी लागे, आणि डॉक्टर पाव तास आधीपासून लाल काचांचा चष्मा लावून बसत, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी. दुसरीकडे हाड बसवायचं तर आधी फिल्म, मग अंदाजाने ओढणं, मग प्लास्टर, मग परत फिल्म, आणि चुकलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे चार मिनिटं. म्हणून तिरुवैयारूपासून पार समुद्राकडच्या गावांपर्यंतची माणसं बैलगाडीने, बसने, खाटेवर घालून आमच्या नर्सिंग होममध्ये येत. डॉक्टर वैद्यलिंगम हाड डोळ्यांनी बघून बसवतात, अशी त्यांची ख्याती होती.

मी त्यांची रेडिओग्राफर. म्हणजे एक्स-रेचं मशीन चालवणारी. नाव अंबुजाबाई. आमचं घराणं मराठी राजांच्या काळात तंजावुरात आलं ते इथलंच झालं. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ लिहायचं, नोकरीत इंग्रजी. डॉक्टरांशी माझं बोलणं तमिळमध्येच चाले. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मद्रासला जाऊन हे काम शिकलेली आमच्या नात्यागोत्यात मी एकटीच. लग्नानंतरही मी नोकरी सोडली नाही याची चर्चा आमच्या लोकांत राजवाड्याभोवतीच्या चारही वीथींमध्ये, म्हणजे चारही मोठ्या रस्त्यांवर, झाली होती.

त्या वर्षी नर्सिंग होमची नवी इमारत उभी राहत होती. दुसरं मशीन येणार होतं. हाताखाली दोन शिकाऊ रेडिओग्राफर, आणि मी चीफ. डॉक्टरांनी मला नकाशावर माझी खोली बोटाने दाखवली होती. तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर चिकटपट्टी होती. ती कायमच असायची. प्लास्टरच्या चुन्याने कातडी फाटते, असं ते म्हणत. मी त्याकडे पाहणंच सोडून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मला दिवस गेले होते. तिसरा महिना लागत होता. आमचे हे आणि सासूबाई, एवढ्यांनाच ठाऊक. नोकरीच्या ठिकाणी सांगितलं की चीफची खोली दुसऱ्या कुणाची होईल, अशी मला भीती होती. इमारत पुरी झाली की सांगू, असं मी ठरवलं होतं.

पोंगलच्या थोडं आधी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर मद्रासहून आला. मशीन उघडून साफ करून झाल्यावर त्याने विचारलं, "ॲप्रन कुठे आहे?"

शिशाचा ॲप्रन. रबरात शिसं मिसळून केलेला, सात-आठ शेरांचा. किरण शिशातून सहज पार जात नाहीत म्हणून तो घालायचा. आमच्याकडे तो एकच होता. कपाटाच्या तळाशी, चौघडी घालून, त्यावर जुन्या फिल्मांचे खोके.

"कोण घालतं?"

"कुणीच नाही. इथला उकाडा बघताय ना."

तो हसला नाही. त्याने खिशातून कागदांना लावायची एक क्लिप काढली. "दाताच्या एक्स-रेची छोटी फिल्म असते ना, काळ्या कागदात बंद? तिला ही क्लिप लावायची आणि पंधरा दिवस अंगावर बाळगायची. मग धुवायची. अंगावर किरण येत नसतील तर फिल्म कोरी निघेल. येत असतील तर फिल्म काळवंडेल आणि क्लिपच्या जागी पांढरी आकृती उमटेल. क्लिपची सावली दिसली तर मला पत्र लिहा."

मी ही गंमत डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "मलाही एक लाव." आणि मनगट पुढे केलं. मी त्यांच्या डाव्या मनगटाला आतल्या बाजूने फिल्म चिकटवली. रोज सकाळी चिकटपट्टी तेवढी बदलत असे. माझी फिल्म मी कमरेशी, लुगड्याच्या निऱ्यांत खोचली.

पोंगलनंतर आमच्याकडे गर्दीच असते. कापणी चालू, गाड्या लादलेल्या, बैल उधळलेले. दिवसाला दहा दहा हाडं. पंधरा दिवस कसे गेले कळलं नाही.

एका दुपारी रोगी आटोपल्यावर मी डार्करूममध्ये गेले. लाल दिव्याखाली दोन्ही फिल्मांचे कागद सोडले, डेव्हलपरमध्ये बुडवल्या, धुतल्या, फिक्सरमध्ये टाकल्या. फिल्म पक्की झाल्यावर उजेडात नेता येते. मी ओल्या फिल्मा दोन चिमट्यांत धरून खिडकीशी गेले.

पहिली माझी. राखाडी झाली होती. मधोमध क्लिप होती, वळणं मोजता येतील इतकी स्पष्ट.

दुसरी डॉक्टरांची. ती कोळशासारखी काळी होती. क्लिप तेवढी पांढरी. मला वाटलं, डार्करूममध्ये उजेड शिरला असेल. पण दोन्ही फिल्मा एकाच वेळी, एकाच टाकीत धुतलेल्या होत्या. उजेड शिरला असता तर माझीही काळी झाली असती, आणि क्लिप उमटलीच नसती.

मी माझ्या फिल्मकडे परत पाहिलं. ती कुठे खोचली होती ते मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. चार बोटं आत माझं मूल होतं. चिमटा सुटून फिल्म जमिनीवर पडली. ती उचलून मी परत धुतली.

संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर त्यांच्या खोलीत एकटे सापडले. मी दोन्ही फिल्मा टेबलावर ठेवल्या. कुठली कुणाची ते सांगावं लागलं नाही. त्यांनी काळी फिल्म उचलली, खिडकीकडे धरली, खाली ठेवली. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवरच्या पट्ट्या सोडल्या.

मी चार वर्षं त्या हाताशेजारी उभी होते आणि तो हात मी पाहिलाच नव्हता. नखांवर उभ्या रेघा, कडा तुटलेल्या. कातडी वाळलेल्या पानासारखी, चकाकणारी. तर्जनीच्या पेरावर एक जखम होती, कडा कठीण झालेल्या.

"ही आठ महिन्यांपासून आहे," ते म्हणाले. "भरत नाही."

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली. टोचलं तरी कळत नाही, तेव्हाच समजलं."

न विचारता मी खुर्चीवर बसले. हा माणूस रोज सकाळी हात धुऊन, पट्टी गुंडाळून, समजून उमजून तो हात किरणांत घालत होता. आणि 'स्विच' म्हटलं की पाय माझा असायचा.

"मग थांबला का नाहीत?"

"एक वर्ष, अंबुजा. इमारत उभी राहू दे. आपल्याकडे लोक कशासाठी येतात? चार मिनिटांसाठी. आता थांबलो तर जमीन देणारे मिरासदार मागे फिरतील, दुसरं मशीन येणार नाही. एकदा सगळं बसलं की मी पडद्याला हात लावणार नाही. तोवर हे कुणाला बोलू नकोस."

ते समजावणीच्या सुरात बोलत होते. मला सर्वांत जास्त धक्का कशाचा बसला असेल तर याचा, की मला ते पटत होतं. मी स्वतःला हेच सांगत आले होते, याच इमारतीसाठी, जवळजवळ याच शब्दांत.

मी म्हटलं, "सर, मला तिसरा महिना आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग राखाडी फिल्मकडे.

"ही कुठे लावली होतीस?"

मी कमरेकडे बोट दाखवलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्या जागी दुसरी आणली असती म्हणून."

"हो," ते म्हणाले. "आणली असती."

"मुलाला काही होईल का?"

"मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. इथे कुणालाच ठाऊक नसेल."

डॉक्टरांच्या तोंडून 'ठाऊक नाही' मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, उद्यापासून मी ॲप्रन घालीन. आणि तुमचा हात पडद्याखाली असेल तर स्विच दाबणार नाही. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, कबूल केलं.

घरी येऊन दोन्ही फिल्मा मी ह्यांच्या हातात दिल्या. हे शाळेत गणित शिकवायचे. कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी फिल्म ओसरीच्या उजेडात धरली.

"हा काळेपणा पंधरा दिवसांचा?"

"हो."

"आणि तिथे तू चार वर्षं आहेस."

गुणाकार करताना हलतात तसे त्यांचे ओठ हलले. मला ते बघवलं नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझी नोकरी त्यांना कधीच आवडली नव्हती. आता म्हणतील, बस घरी. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करशील? माझ्याबरोबर अप्पळम-पापड लाटशील? लढाईस जाणारे चिलखत घालून जात. ते शिशाचं काय आहे ते घाल आणि जा. घालूं दिलं नाही तर मग ये घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲप्रन कपाटातून काढून घातला. खांद्यांवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. पहिलीच रोगी कोपर मोडलेली एक बाई होती. डॉक्टर लाल चष्मा लावून बसलेले. दिवा मालवला. त्यांनी बाईचा हात पडद्याखाली घेतला. स्वतःचे दोन्ही हात, उघडे.

"स्विच."

मी पाय हलवला नाही.

"अंबुजा, स्विच."

"सर, हात काढा. मी फिल्म काढून देते. दहा मिनिटांत ओली फिल्म बघायला मिळेल."

"बाई कण्हत आहे. स्विच."

"नाही, सर."

अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बूट सरकल्याचा आवाज आला. त्यांनी पायाने चाचपून स्विच आपल्याकडे ओढला आणि स्वतः दाबला. हिरवा उजेड आला. त्यात त्या बाईची हाडं आणि डॉक्टरांच्या बोटांची हाडं. मी चार वर्षं हेच पाहत होते.

मी ॲप्रन उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाहेर पडले. जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसून घरी गेले. राजीनामा वगैरे काही लिहिला नाही. वाटेत एवढंच डोक्यात होतं की मद्रासला जाऊन शिकलेलं सगळं आता गेलं. कुणी मला काढलं नव्हतं, मी आपल्या पायांनी चालत बाहेर आले होते. हे खरंच मी केलं का, हे मला घरी पोचेपर्यंत उमगत नव्हतं.

पाच दिवस कुणी आलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी दारात मोटार थांबली. डॉक्टर एकटेच होते. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. सासूबाईंनी पितळी डबऱ्यात टंबलर ठेवून कापी, म्हणजे कॉफी, आणून दिली. त्यांनी उजव्या हाताने घेतली. डावा हात वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, घडीत झाकलेला.

मग त्यांनी एक किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. स्क्रीनिंगच्या खोलीची.

"बंद केली आहे. मी उद्या मद्रासला जातोय, हात दाखवायला. तू येऊन फिल्मचं काम बघशील का? असिस्टंट डॉक्टर प्लास्टर घालतील."

मी विचारलं, "का बंद केलीत, सर?"

ते म्हणाले, "त्या बाईचं हाड बसवलं. मग रजिस्टर घेऊन बसलो. गेल्या तीन महिन्यांत तुला किती वेळा 'स्विच' म्हटलं ते मोजायला. अर्ध्यावर रजिस्टर मिटलं." कापीचा टंबलर त्यांनी खाली ठेवला. "माझी बोटं मी जाणून दिली, अंबुजा. तुझं मी काय घेत होतो, हे मी तुला विचारलंसुद्धा नाही."

आमचे हे तिथेच बसले होते. त्यांनी किल्ली उचलून माझ्या हातात दिली.

मी परत गेले. पहिल्या दिवशी मला एक शंका आली म्हणून मी तो ॲप्रनच फिल्मवर पसरून त्याचा एक्स-रे काढला. वर्षानुवर्षं चौघडी घालून ठेवल्यामुळे घडीवर आतून शिसं तडकलं होतं. फिल्मवर त्या जागी काळी रेघ आली, बरोबर पोटावर येईल अशी. तो घालून मी निर्धास्त झाले होते. मी इंजिनिअरला पत्र लिहिलं. नवे दोन ॲप्रन आले. ते घडी न घालता दांडीवर टांगायचे, हे मी भिंतीवर तीन भाषांत लिहून लावलं.

मद्रासहून डॉक्टरांचा निरोप आला. बोटातला तुकडा तपासला होता. कॅन्सर. तर्जनी मुळापासून काढली, मधलं बोट अर्धं. ते परत आले तेव्हा हात पांढऱ्या बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला होता. ओपीडीतले रोगी उठून उभे राहिले. नारळावरून पडलेला तो माणूस प्लास्टर काढायला आला होता. तो डॉक्टरांच्या हाताकडे आणि आपल्या मनगटाकडे आळीपाळीने पाहत राहिला.

मिरासदार मागे फिरले. इमारत जोत्यापर्यंत येऊन थांबली. आता आमच्याकडेही हाड बसायला दोन तास लागत, आणि कितीतरी माणसं पहिल्यासारखी गावच्या हाडवैद्याकडे जाऊ लागली. असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत डॉक्टर असिस्टंटच्या शेजारी उभे राहून, आपल्या हातांनी काहीही न करता, फिल्म बघून कुठे किती ओढायचं ते सांगत. हळूहळू आमच्या फिल्मा चांगल्या निघू लागल्या. असिस्टंटचा हात बसला, मग दुसऱ्या असिस्टंटचा. एकाच माणसाच्या बोटांवर चालणारं काम तीन माणसांना येऊ लागलं. रोगी परत आले. इमारत झाली, नकाशापेक्षा लहान, मशीन एकच, पण एक्स-रेच्या खोलीची भिंत जाड आणि स्विच भिंतीच्या पलीकडे. मी चीफ झाले नाही. हाताखाली कुणी नसेल तर चीफ कुणाची होणार?

मुलगी आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघायला आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दुपट्यातून तिचे हात बाहेर काढले आणि बोटं मोजली. मग पायांची. मग परत हातांची. वीसही भरली तेव्हा पाठमोरे होऊन खिडकीशी उभे राहिले. तिला कसलाही साधा ताप आला तरी मला ती राखाडी फिल्म आठवायची, अगदी मुलगी शाळा संपवून कॉलेजात जाईपर्यंत. काही झालं नाही. पण काही झालं नाही हे माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मी तीन महिने उशीर केला होता.

डॉक्टरांनी दोन वर्षं उशीर केला होता. त्यांना पुढे आठ वर्षं मिळाली. मग गाठ काखेत आली आणि तिथून पुढे उपाय राहिला नाही. नर्सिंग होम मात्र चालू राहिलं. ज्या चार मिनिटांसाठी ते थांबायला तयार नव्हते, त्या चार मिनिटांत हाड बसवून घेतलेल्या माणसांची नावं आता कुणालाही सांगता येणार नाहीत. त्यांनी शिकवलेल्या तीन डॉक्टरांची नावं गावात सगळे सांगतात.

मी त्याच खोलीतून रिटायर झाले. शिकलेलं फार मोठं काही नाही. नोकरीतून काय मिळवायचं याची यादी जो तो करतो. काय द्यायचं नाही याची यादी आधी करावी, आणि ती घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. मनातल्या मनात ठेवली तर आपणच ती रोज थोडी थोडी बदलतो.